चाल घेतली की रीत घेतली? आजचं समूहगान आणि जुन्या परंपरा

मंद्रसप्तक:

मंडळी, बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहूनच टाकते. बारा वर्षं ख्याल शिकले आणि गेली नऊ वर्षं एका हौशी क्वायरमध्ये, म्हणजे समूहगानाच्या वृंदात, अल्टो (बायकांचा खालचा आवाज) गाते आहे. गेल्या महिन्यात आमच्या कंडक्टरांनी प्रत्येकाच्या हातात एकेक पान दिलं. अख्खी रचना त्या एका पानावर मावलेली. क्नूत न्यूस्टेट या नॉर्वेच्या रचनाकाराची १९८८ची 'इमॉर्टल बाख'. मूळ ऐवज म्हणजे बाखच्या 'ये, गोड मरणा' या भक्तिगीताच्या सुरुवातीच्या ओळी, १७३६ साली छापलेल्या. आधी त्या सरळ चार आवाजांत गायच्या. मग त्याच पुन्हा, पण आता गटागटाने स्वर वेगवेगळे लांबवायचे. एक गट प्रत्येक स्वर चार सेकंद धरतो, दुसरा सहा, तिसरा आठ, चौथा दहा. ओळीचा शेवटचा स्वर गाठला की तिथेच थांबून मागच्यांची वाट बघायची. सगळे पोचले की पुढची ओळ.

मी सहावाल्यांत होते. मी दुसऱ्या स्वरावर गेले तेव्हा चारवाले आधीच तिथे पोचले होते आणि पाठीमागचे दहावाले अजून पहिल्यावरच होते. पुढे अंतर वाढतच गेलं. सरलेला, आत्ताचा आणि यायचा असे तीन स्वरमेळ एकाच वेळी कानात, एकमेकांना घासत. आपला सूर बरोबर की चूक, हे पडताळायला शेजारी काही उरलंच नव्हतं. मी बोटांनी मांडीवर सेकंद मोजत राहिले. मग शेवटच्या स्वरावर एकेक जण येऊन मिळायला लागला, तसतसा तो गढूळपणा तळाशी बसत गेला आणि वर नितळ स्वरमेळ राहिला. आमच्यातल्या एक ज्येष्ठ बाई रडत होत्या. माझेही डोळे भरून आले होते.

घरी येताना लक्षात आलं की न्यूस्टेटनी बाखला एक स्वर जोडलेला नाही, एक काढलेला नाही. फक्त काळ सैल केला. तरीही ही रचना पूर्णपणे आजची आहे.

तेव्हापासून जुन्यावरून प्रेरणा घेतलेल्या नव्या रचना या कानाने ऐकते आहे. काही जण जुनी चाल घेतात, तिच्याखाली गोड स्वरमेळ पसरतात, आणि दोनदा ऐकलं की रचना संपते. काही जण जुन्यांची काम करायची रीत घेतात, म्हणजे ते श्वास कसा घेत, एक आवाज दुसऱ्यावर कसा उभा करत, शब्द कसा टाकत, ते. माझ्या मते टिकतं ते हे दुसरं. एस्टोनियाचे रचनाकार आर्वो पेअर्ट बघा. १९६८ नंतर त्यांनी जवळजवळ लिहिणंच थांबवलं आणि आठ वर्षं ग्रेगोरियन पठण (युरोपातल्या चर्चचं जुनं, एकाच चालीतलं गायन) आणि सुरुवातीचं बहुस्वरी संगीत यांत घालवली. १९७६ मध्ये बाहेर आले ते एक नियम घेऊन: एक आवाज स्वरांच्या पायऱ्या एकेक करत चढतो-उतरतो, दुसरा फक्त मूळ त्रिस्वरातलेच (सा-ग-पसारखे तीन) स्वर घेतो. एक चालतो, एक घंटेसारखा वाजत राहतो. १९८२ची त्यांची 'पासिओ' तासाभराहून मोठी आहे आणि जवळजवळ एवढ्या एका नियमावर उभी आहे. जुन्या पठणाची एकही चाल उचललेली नसताना ऐकणाऱ्याला ती कित्येक शतकं जुनी वाटते.

तुम्हाला काय वाटतं? तुम्ही ऐकलेल्या, गायलेल्या रचनांबद्दल लिहा. वेगळं मत असेल तर आवर्जून लिहा.

खर्ज:

मंद्रताई, धागा काढलात हे फार बरं झालं. मी बास, म्हणजे पुरुषांचा सगळ्यात खालचा आवाज, गातो, तेव्हा तळमजल्यावरून बोलतो.

चालीला तुम्ही जरा कमी लेखताय असं वाटलं. राखमानिनॉव्हची 'ऑल-नाइट व्हिजिल' घ्या, मार्च १९१५ मध्ये मॉस्कोत पहिल्यांदा गायली गेलेली. तिचे बरेच भाग रशियन चर्चच्या जुन्या पठणांवर थेट बेतलेले आहेत, म्हणजे तुमच्या भाषेत चालच घेतली आहे. उरलेले भाग त्यांनी स्वतः रचले आणि त्यांना ते 'जाणूनबुजून केलेली नक्कल' म्हणत. ऐकताना जुनं कुठे संपतं आणि त्यांचं कुठे सुरू होतं हे मला आजतागायत कानाने सांगता आलेलं नाही. चाल इतकी मुरली की रीत तिच्यामागून आपोआप येते, असं मला त्यावरून वाटतं.

पाचव्या भागाच्या शेवटी आम्हा बासना पायरीपायरीने खालच्या बी-फ्लॅटपर्यंत उतरायचं असतं, तेही अगदी हळू आवाजात. पहिल्यांदा उतरलो तेव्हा शेवटचा स्वर मला ऐकूच आला नाही, छातीच्या फासळ्यांत नुसता जाणवला. तिथे जोर लावला की स्वर फाटतो. सोडून दिला तर लागतो.

शुद्धगंधार:

मंद्रसप्तक, तो गढूळपणा निवळून नितळ स्वरमेळ उरला म्हणालात ना, त्यामागे निव्वळ भावना नाही, गणित आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

पियानोवरचा गंधार षड्जापासून ४०० सेंटवर असतो (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). निसर्गातला, म्हणजे ५:४ या गुणोत्तरातला, ३८६ सेंटवर. चौदा सेंटांचा फरक. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा गंधार तो हा दुसरा. वाद्याशिवाय गाणारी क्वायर एखाद्या स्वरमेळावर पुरेशी थांबली की नकळत तिकडेच सरकते, कारण तिथे आवाजांमधली थरथर थांबते. 'इमॉर्टल बाख'मध्ये ओळीच्या शेवटी सगळे वाट बघत थांबलेले असतात, तेव्हा त्यांना सरकायला वेळ मिळतो. गढूळ भागानंतर तो स्वरमेळ जास्त शुद्ध वाटतो, कारण तो खरंच जास्त शुद्ध असतो.

पण याची किंमत मोजावी लागते. प्रत्येक जोडीने आपापला अंतराल शुद्ध लावायचा ठरवला तर काही वळणांनंतर सगळी क्वायर मिळूनच मूळ सुरापासून घसरते. १६व्या शतकात बेनेदेत्ती या इटालियन गणितज्ञाने हे कागदावर मांडून दाखवलं होतं: एक छोटीशी वळणावळणाची ओळ, आणि प्रत्येक आवर्तनाला साधारण साडेएकवीस सेंटांची घसरण. चार-पाच आवर्तनांत अख्खा अर्धा स्वर. कोणीही बेसूर न होता.

आपल्याकडे हे होत नाही, कारण तानपुरा षड्ज हलू देत नाही. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चच्या बायझंटाइन पठणातही तसाच एक न हलणारा आधारस्वर असतो, त्याला 'आयसॉन' म्हणतात. इंग्रज रचनाकार जॉन टॅव्हनर १९७७ मध्ये ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये गेले आणि हा आधारस्वर त्यांच्या संगीतात कायमचा आला. १९९३चं त्यांचं 'साँग फॉर अथीन', जे पुढे १९९७ मध्ये राजकुमारी डायनाच्या अंत्यविधीत गायलं गेलं, त्याच्या तळाशी बास लोक जवळजवळ पूर्ण वेळ एकच स्वर धरून असतात. वरचे आवाज तीव्र होतात, कोमल होतात, तळ हलत नाही. खर्जदादा, हे तुम्ही गायलंच असेल.

आणि रीत घेण्याचं अगदी टोक बघायचं असेल तर जर्मन रचनाकार श्टॉकहाउझेनची १९६८ची 'श्टिमुंग'. सहा गायक, सव्वा तासाच्या आसपास, आणि अख्खा वेळ एकच स्वरमेळ. एकाच बी-फ्लॅटचे उपस्वर, म्हणजे त्या स्वरातच दडलेले वरचे स्वर. चाल नावाची गोष्टच नाही. ऐकता ऐकता आपण स्वराच्या आत काय चाललंय ते ऐकायला लागतो. तानपुरा जुळवताना कान जिथे जातो, तिथेच.

दमसास:

फार छान चर्चा. मी फक्त ऐकणारी आहे, गाणारी नाही, म्हणून एक शंका. दहा-दहा सेकंदांचे स्वर, आणि बास तर म्हणे एकच स्वर धरून बसतात. मग श्वास कधी घेता? ऐकताना तर कुठेच खंड जाणवत नाही.

मंद्रसप्तक:

दमसास, नाव इतकं नेमकं घेतलंय तर प्रश्न हाच यायला हवा!

श्वास आळीपाळीने घेतात. नियम साधा आहे: शेजारी श्वास घेतोय असं जाणवलं की तू घ्यायचा नाहीस. शब्दाच्या सुरुवातीला किंवा शेवटी घ्यायचा नाही, मधल्या स्वरात घ्यायचा. श्वासाआधी आवाज हळूच बारीक करायचा आणि परत येताना दाराशी चपला काढून आत यावं तसं यायचं, कोणाला चाहूल लागता कामा नये. परत आल्यावर मात्र स्वर तोच, तिथलाच. ख्यालात मी माझ्या श्वासाची मालकीण असते, इथे माझा श्वास बाकीच्यांत वाटलेला असतो. सुरुवातीची दोन वर्षं मला हे फार जड गेलं. आता एकटीने रियाज करताना कधी कधी उलटंच होतं: स्वर संपतो आणि तो पुढे न्यायला शेजारी कोणी नसतं.

शुद्धगंधार, ही माहिती मी आमच्या गटात वाचून दाखवणार आहे. खर्जदादा, चालीबद्दल तुमचं म्हणणं पटतंय. राखमानिनॉव्ह माझ्या मांडणीत बसत नाही.

ओंजळ:

रीत घेण्याचं माझं आवडतं उदाहरण पॅरिसचं. ११९८च्या सुमारास तिथल्या नोत्र दाम चर्चसाठी पेरोतँनं चार आवाजांची रचना केली, 'व्हिदेरुन्त ओम्नेस'. तळाचा आवाज जुन्या पठणाचा एकेक स्वर इतका लांब धरतो की पठण ओळखूच येत नाही, नुसता तळ उरतो. पहिलं अक्षर 'व्ही', आणि त्या एका अक्षरावर वरचे तीन आवाज झुलत, एकमेकांच्या जागा घेत, ठेका धरून नाचत राहतात. पुढचं अक्षर आलं की प्रकाश बदलल्यासारखं वाटतं.

जवळजवळ आठशे वर्षांनी, १९९५ मध्ये, अमेरिकन रचनाकार स्टीव्ह राइशनं 'प्रॉव्हर्ब' लिहिलं ते थेट पेरोतँला स्मरून. तीन सोप्रानो (बायकांचा उंच आवाज), दोन टेनर (पुरुषांचा उंच आवाज), दोन व्हायब्राफोन, दोन इलेक्ट्रिक ऑर्गन. शब्द म्हणाल तर तत्त्वज्ञ विटगेनश्टाइनचं एकच वाक्य: अख्खं आयुष्य भरून टाकायला किती छोटा विचार पुरतो, अशा अर्थाचं. सोप्रानोंची ओळ प्रत्येक फेरीत आणखी लांबत जाते आणि टेनर पेरोतँसारखे ठेक्यात झुलतात. एका छोट्या वाक्यावर अख्खी रचना उभी, म्हणजे वाक्य जे सांगतं तेच संगीत करून दाखवतं. मला ही जुळणी फार मोठी वाटते.

त्याच राइशची १९८१ची 'तेहिलीम' मंद्रसप्तकच्या मुद्द्याला आणखी जवळची. ज्यू धर्मग्रंथ सुरात वाचण्याची पद्धत त्यानं सत्तरच्या दशकात रीतसर शिकून घेतली. मग संगीतासाठी मुद्दाम स्तोत्रं निवडली, कारण पाश्चात्त्य देशांतल्या ज्यूंमध्ये स्तोत्रं गायची तोंडी परंपरा उरलेली नव्हती. नक्कल करायला समोर काही नको होतं त्याला. शिकला एक, लिहिलं दुसरं. शब्दांच्या आघातांवरून ताल ठरवायचा, ही रीत तेवढी बरोबर आणली.

तिरकिट:

मी तबला वाजवतो. क्वायरशी संबंध आला तो रीना इस्माइल या भारतीय वंशाच्या अमेरिकन रचनाकारामुळे. २०१६ मध्ये त्यांनी लॉस एंजेलिसमधल्या एका क्वायरसाठी 'तारेकिता' लिहिलं. बेघरपण सोसलेल्या, सोसत असलेल्या लोकांची ती क्वायर आहे. गाण्यात अर्थाचे शब्द नाहीत, सगळे तबल्याचे बोल.

एका गटाला हे बोल शिकवायला मला बोलावलं होतं. पहिला अर्धा तास फक्त 'त'वर गेला. त्यांचा 'त' टाळूला लागून फुटत होता, 'ट'च्या जवळचा, हवा सोडणारा. आपला 'त' दातांना लागतो आणि तिथल्या तिथे संपतो. मी त्यांना म्हटलं, जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टेकवा, आणि तोंडासमोर तळहात धरा. हाताला वारा लागला तर चुकलं. मग 'कि'. डग्ग्यावर बंद पडणारा, गुंज नसलेला. तीस माणसांनी एकदम 'तिरकिट' बरोबर म्हटलं तेव्हा तबला मध्ये ठेवलेला असूनही मला तो वाजवावासा वाटला नाही.

यात चाल नाहीच, बघा. बोल म्हणजे शिकवण्याचं साधन. गुरूनं तोंडानं म्हणायचं आणि शिष्यानं हाताला सांगायचं. इस्माइलबाईंनी शिकवण्याची रीतच गाणं म्हणून पुढे ठेवली. त्याच वर्षीची त्यांची 'धिस लव्ह बिट्वीन अस'ही ऐका. भारतातल्या सात धर्मांमधली वचनं, सात भाग, युरोपच्या जुन्या घडणीचा वाद्यवृंद आणि सोबत सतार-तबला.

अनाहत:

सगळं वाचलं. मला मुळात 'जुनं' या शब्दापाशीच थांबावंसं वाटतं.

इटालियन रचनाकार आलेग्रीचं 'मिझेरेरे' हे स्तोत्र सगळ्यांना माहीत असेल. १६३०च्या दशकात सिस्टाइन चॅपलसाठी रचलेलं. चौदा वर्षांच्या मोत्झार्टनं १७७० मध्ये ते ऐकून आठवणीतून कागदावर उतरवलं असं सांगतात. त्यात एक सोप्रानो आभाळाला टेकणारा वरचा सी घेते, आणि त्या स्वरासाठीच लोक ते ऐकतात. तो स्वर आलेग्रीचा नाही. वरच्या पट्टीत केलेल्या एका नंतरच्या नोंदीचा तुकडा पुढे छापताना मध्येच जोडला गेला आणि तसाच रूढ झाला. मूळ रचना साधी होती. तिच्यावरचे अलंकार गायक तिथल्या तिथे घेत आणि ते त्यांच्या गळ्यांबरोबर गेले. जेम्स मॅकमिलन यांनी २००९ मध्ये त्याच स्तोत्रावर नवं 'मिझेरेरे' लिहिलं. त्यांनी वरच्या सीचा मोह टाळला आणि मधले साध्या पठणासारखे तुकडे ठेवले, हे मला फार प्रामाणिक वाटतं.

दुसरं उदाहरण बल्गेरियाच्या बायकांचं. मार्सेल सेलिए या स्विस माणसानं १९७५ मध्ये त्यांची ध्वनिमुद्रिका काढली. १९८६ मध्ये ती ब्रिटनमध्ये पुन्हा निघाली, आणि मालिकेतल्या दुसऱ्या मुद्रिकेला १९९०चा ग्रॅमी मिळाला. ऐकणाऱ्यांना वाटलं, डोंगरातलं हजार वर्षांचं गाणं जसंच्या तसं हाती आलं. खेड्यातल्या गाण्यात एक बाई चाल म्हणे, दुसरी तिच्या अगदी लगतचा स्वर धरून ठेवी. दोन लगतचे स्वर छातीतून, उघड्या गळ्यानं, असे भिडवायचे की घंटेसारखी झणझण उठेल. हे अस्सल जुनं. पण फिलिप कुतेव्ह यांनी १९५१ मध्ये सरकारी वृंद उभा केला तेव्हा खेड्यातल्या गायिका निवडून आणल्या आणि त्यांच्या गाण्यांना कित्येक आवाजांच्या रचना दिल्या. जगाला भुरळ पडली ती आपल्याच काळातल्या रचनाकारांच्या लेखणीची आणि त्या जुन्या गळ्यांची, दोन्ही मिळून.

यात मला फसवणूक दिसत नाही. पण रचनाकाराचं नाव झाकून 'प्राचीन' असं लेबल लावलं की रचनाकारावरही अन्याय आणि त्या बायकांवरही.

रानपाखरू:

मंद्रताई, मला तुमच्या मांडणीत एक गोष्ट राहून गेल्यासारखी वाटते. रीत घेतली म्हणता, पण रीत कोणाची तरी असते.

एस्टोनियाचे व्हेल्यो तोर्मिस (१९३०–२०१७) यांचं सगळं आयुष्य यात गेलं. एस्टोनियाच्या जुन्या गाण्याला 'रेगिलाउल' म्हणतात. साधारण आठ अक्षरांची ओळ. एक बाई ओळ म्हणते, ती संपता संपता बाकीच्या शेवटच्या अक्षरांवर तिला गाठतात आणि तीच ओळ परत म्हणतात. त्यांची संपता संपता ती पुढची उचलते. कुठे फट म्हणून राहत नाही. गाणं कितीही लांबवा, चाल दोन-चार स्वरांचीच. तोर्मिसनी या चालींना नटवलं नाही. त्यांची १९७२ची 'लोखंडाला शाप' ऐका, ढोलाच्या एकाच ठेक्यावर चढत जाणारी. लोखंडाचा जन्म सांगून त्याला ताब्यात ठेवायचा जुना मंत्र, आणि त्यात आजच्या शस्त्रांची नावं मिसळलेली. लोकसंगीताचा वापर आपण करत नसून लोकसंगीतच आपल्याला वापरतं, असं ते म्हणत.

पण मला सांगायचंय ते 'विसरलेली माणसं' या मालिकेबद्दल. १९७० ते १९८९, सहा मालिका, बाल्टिक समुद्राभोवतीच्या सहा लहान समाजांच्या गाण्यांवर: लिव्होनियन, व्होटिक, इझोरियन, इंग्रियन फिन, व्हेप्सियन, कारेलियन. लिव्होनियन मातृभाषा असलेली शेवटची व्यक्ती २०१३ मध्ये गेली. म्हणजे आज एखादी क्वायर हे गाणं गाते तेव्हा ते शब्द ज्या घरांत बोलले जात, ती घरं उरलेली नाहीत. पेअर्टची रीत कोणत्याही भाषेला लावता येते. तोर्मिसच्या रचनेतून भाषा काढा, काहीच उरत नाही. चाल, रीत आणि शब्द अशी वाटणी तिथे करताच येत नाही.

सांजवारा:

रानपाखरूशी पूर्ण सहमत, आणि त्याला जोडूनच एक अवघड गोष्ट मांडते.

कॅरोलाइन शॉ यांची 'पार्टिता फॉर एट व्हॉइसेस' मला मनापासून आवडते. आठ गळे, चार भाग, आणि भागांची नावं जुन्या बरोक नृत्यांची: आलमांद, साराबांद, कुरांत, पासाकाल्या. नाचाच्या सूचना, सोल लेविट या चित्रकाराच्या भिंतीवर रेषा कशा काढायच्या त्या सूचना, कुजबूज, नुसते श्वास. २०१३ मध्ये या रचनेला पुलित्झर मिळाला तेव्हा त्या तीस वर्षांच्या होत्या, हा मान मिळवणाऱ्या सगळ्यात लहान रचनाकार.

कुरांतमध्ये श्वास आत-बाहेर ओढत गायचा जो भाग आहे तो कॅनडाच्या उत्तरेकडच्या इन्युइट बायकांच्या 'कताज्जाक' या गाण्याच्या खेळावरून आलेला आहे. दोन बायका समोरासमोर, अगदी जवळ उभ्या राहतात. एकीनं सोडलेल्या जागेत दुसरीनं आवाज टाकायचा, घशातला, श्वासातला. जी आधी हसेल किंवा अडखळेल ती हरली. हा खेळ आहे, आणि मिशनऱ्यांच्या काळात तो दाबला गेला होता. २०१४ मध्ये कॅनडातल्या क्युबेक प्रांतानं त्याला आपला अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली. २०१९ मध्ये इन्युइट गायिका तान्या तगाक यांनी जाहीर आक्षेप घेतला की आमची पद्धत वापरून वाहवा दुसऱ्यांना मिळते आणि आमचं नाव कुठे नसतं. 'पार्टिता' गाणाऱ्या गायकांच्या गटानं उत्तरात सांगितलं की इन्युइट गायिकांना बोलावून आम्ही त्यांच्याकडे शिकलो होतो.

मंद्रसप्तक, तुमच्या कसोटीवर 'पार्टिता' शंभर टक्के उतरते. चाल उचललेली नाही, रीत घेतली आहे, तीही शिकून. तरी तगाक यांचं दुखणं खरं आहे. चाल घेतली तर निदान कोणाची ते ओळखू येतं. रीत घेतली की ती रचनाकाराच्या नावात विरघळते.

मंद्रसप्तक:

सांजवारा, तुमचा प्रतिसाद वाचून दोन दिवस काही लिहू शकले नाही.

खरं आहे. मी रीत घेणं हे जास्त प्रामाणिक समजत होते, कारण त्यात मेहनत जास्त. मेहनत केली म्हणजे देणं फिटलं असं नाही, हे मला दिसलं नव्हतं. ख्याल शिकताना बंदीश कोणाकडून आली हे सांगितल्याशिवाय आमच्या बाई ती गाऊ देत नसत. गाण्याआधी कानाला हात लावायचा आणि नाव घ्यायचं. मला ते लहानपणी नुसतं वळण वाटायचं. क्वायरच्या कार्यक्रमपत्रिकेत मात्र आम्ही रचनाकाराचं नाव छापतो आणि थांबतो. पुढच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेचा मजकूर माझ्याकडे आहे. त्यात पद्धत कोणाची, कोणी शिकवली, तेही छापायचं मी कंडक्टरांना सुचवलं आणि त्यांनी लगेच हो म्हटलं.

पण घेऊच नये, असं मला म्हणता येत नाही. खेळात दोघी लागतात. एकीनं जागा सोडली नाही तर दुसरीला आवाज टाकता येत नाही, आणि दुसरीनं टाकलाच नाही तर पहिलीचा खेळ थांबतो.

रानपाखरू, एक बातमी. तुमचा प्रतिसाद मी गटात वाचून दाखवला आणि आम्ही तोर्मिसची लिव्होनियन मालिका हातात घेतली आहे. पहिलं गाणं पाखरांना जागं करायचं. कंडक्टरांनी पहिल्या दिवशी सूर लावूच दिला नाही. नुसते शब्द, तालात, गोल उभं राहून. त्यात एक स्वर आहे तो काही केल्या तोंडात बसत नाहीये. उ म्हणावा तर नाही, अ म्हणावा तर नाही. लिहिताना ओ काढून त्यावर छोटी लाट असते. काही सांगता येईल?

रानपाखरू:

वा! फार आनंद झाला वाचून.

तो स्वर एस्टोनियनमध्येही आहे. मी असा शिकले: आधी 'ओ' म्हणा आणि लांबवा. जीभ जिथे आहे तिथेच राहू द्या, अजिबात हलवू नका. आता आवाज न थांबवता ओठांचा गोल सोडा आणि ओठ बाजूला ताणा, 'ई' म्हणताना ताणतो तसे. आरशासमोर करा. जीभ हलली की 'ए'कडे जातो, तेवढं सांभाळा.

खर्ज:

आत्ता करून बघितलं. बासच्या पट्टीत फार छान लागतो हा स्वर, घसा आपोआप उघडा राहतो. मंद्रताई, मालिकेच्या स्वरलिपीत बासची सुरुवात कुठल्या स्वरावर आहे?

मंद्रसप्तक:

आरशासमोर पाचव्या वेळेला जमला! पण सलग तीनदा म्हटला की जीभ हळूच पुढे सरकते. उद्या तालमीत सगळ्यांना शिकवते. खर्जदादा, स्वरलिपी आत्ता शेजारणीकडे आहे, उद्या बघून लिहिते.